३९ मिनिटांचं भांडण आणि सुरू न होणारी सेवा



पलूसला यायचं ठरलं तेव्हा संयोजकांनी विषय विचारला. मी म्हटलं, घड्याळं जुळवण्याचा इतिहास. फोनवर क्षणभर शांतता पसरली. तत्त्वज्ञानाचा माणूस घड्याळजीच्या दुकानात काय करतोय, असं त्यांना वाटलं असावं. पण हा विषय तुमच्या दारातच उभा आहे. आज आपण ज्याला किर्लोस्करवाडी स्टेशन म्हणतो, त्याचं जुनं नाव कुंडल रोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना आणला, त्याच्या आधीपासून इथून गाडी जात होती. सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज लाइन, १८९०च्या सुमारास पूर्ण झालेली. आता मला सांगा, त्या काळात कुंडल रोडच्या फलाटावरचं घड्याळ कोणती वेळ दाखवत असेल?

पलूसची? नाही. साताऱ्याची, मुंबईची? तीही नाही. त्या घड्याळात मद्रासची वेळ असायची.

हिशोब सोपा आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. पलूस साधारण साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर आहे. म्हणजे इथला सूर्य ग्रिनिचच्या सुमारे ४ तास ५८ मिनिटं पुढे. मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधोमध मद्रास, शिवाय तिथे वेधशाळा, म्हणून १८७० पासून देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. तारेतून रोज तिथला इशारा यायचा आणि स्टेशनमास्तर काटा जुळवायचे. तेव्हा आपल्या या भागात औंध, सांगली, मिरज ही संस्थानं आणि इंग्रजांचा सातारा जिल्हा यांचे तुकडे एकमेकांत घुसलेले होते. त्यात शेतकऱ्याचा दिवस सूर्यावर, लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर आणि गाडी मद्रासवर! ज्याला गाडी पकडायची त्याने आपल्या बारा वाजण्याच्या तेवीस मिनिटं आधी तिथे बारा वाजतात हे ध्यानात ठेवायचं. लोक ते ठेवत. तीन वेळा तीन कामांसाठी होत्या, त्यामुळे त्यांचं आपसात भांडण नव्हतं.

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं वाटीसारखं भांडं, पाण्यावर सोडलेलं. ते भरून बुडालं की एक घटका, चोवीस मिनिटं. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग आपण आज भलत्याच अर्थाने वापरतो, त्याचं मूळ हे. या भांड्याचा विशेष असा, की ते दुसऱ्या कुणाला विचारत नाही. सूर्योदयाला पाण्यावर सोडलं की ते आपलं आपण मोजतं. चुकलं तर दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय त्याला दुरुस्त करतो. मांडवात पन्नास माणसं असतील तर त्या पन्नास जणांपुरती ती वेळ खरी, आणि तेवढं पुरेसं असे.

भांडण कधी सुरू झालं? एकाच वेळेने सगळी कामं करायची असं ठरलं तेव्हा.

मुंबईत हे दोनदा घडलं. पहिल्यांदा १८८१ साली. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन. त्यांना वाटलं, रेल्वे आणि तार मद्रासच्या वेळेवर चालतात, मग मुंबईची सरकारी कचेरी का नको? हुकूम निघाला. शहराने मानला नाही. कचेरीत एक वेळ आणि बाजारात दुसरी असा घोळ सुरू झाला. राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता, १८७८ साली पुरा झालेला. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यांच्या आईचं नाव त्याला दिलं. असं सांगतात, की राजाबाई जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या. दृष्टी अधू झालेली, म्हणून टोले ऐकून त्यांना वेळ कळावी. ही कथा खरी असेल-नसेल, पण तिच्यात एक मर्म आहे. त्या माउलीला मद्रासची वेळ घेऊन काय करायचं होतं? तिला मुंबईचा सूर्य मावळायला किती अवकाश आहे तेवढं हवं होतं. १८८३ साली विद्यापीठाच्या सिनेटने ठरवलं, की टॉवरचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवील. सरकारने त्यावर काय केलं असेल? घड्याळाच्या रात्रीच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला! शेवटी सरकारलाच आपला हुकूम मागे घ्यावा लागला.

दुसरी वेळ १ जानेवारी १९०६. साडेब्याऐंशी रेखांश धरून साऱ्या देशाला ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची एक वेळ लागू झाली. तीच आजची आपली भारतीय प्रमाणवेळ. मुंबईला त्यासाठी ३९ मिनिटं पुढे सरकायचं होतं. काळ कुठला, ते बघा. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली. सरकारने घड्याळाचा काटा सरकवला तरी त्यात लोकांना सरकारचा हात दिसायचा. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीत काही हजार कामगारांनी काम नाकारलं, दगडफेक झाली. त्यांची शंका साधी होती. भोंगा तितक्याच वाजता होणार म्हणता, पण सूर्याच्या हिशोबाने आम्हाला पाऊण तास लवकर उठवताय. संध्याकाळी तितकंच लवकर सोडाल याची हमी काय?

महापालिकेत फिरोजशहा मेहता उभे राहिले. ते बॅरिस्टर होते, विज्ञानविरोधी मुळीच नव्हते. त्यांचा आक्षेप असा, की लोकांना विश्वासात घेतलेलं नाही. महापालिकेने आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवर ठेवली आणि हा दुहेरी कारभार स्वातंत्र्यानंतरही, १९५०च्या दशकापर्यंत रेंगाळला. म्हणजे देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम की स्टँडर्ड?' असं विचारणारी माणसं होती. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. पुस्तकांत ही गोष्ट बहुधा गंमत म्हणून येते, की बघा, किती हट्टी लोक! मला ती तशी वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी मी आता तुम्हाला एकदम आजच्या एका कॉम्प्युटरसमोर नेतो.

मागे आपल्याच भागातल्या एका संस्थेच्या कचेरीत मी कामासाठी बसलो होतो. नाव घेत नाही. त्यांचा मुख्य कॉम्प्युटर काही दिवस बंद होता, त्या दिवशी चालू केला, आणि काहीच काम होईना. लॉगिन होईना, बँकेचं पान उघडेना. तिथला मुलगा हुशार, त्याने शोधून काढलं की वेळ जुळवणारी सेवा सुरूच होत नाहीये. तो ती सुरू करायचा, दोन सेकंदांत बंद पडायची. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दहा वेळा केलं असेल. साहेब वैतागले, 'सॉफ्टवेअर बिघडलंय, नवीन टाक.' मी आपला त्याच्या मागे उभा राहून बघत होतो. म्हटलं, अरे, ती जाताना काही म्हणून जाते का? त्याने लॉग उघडला. त्यात कारण लिहिलेलं होतं. आमच्या घड्याळात आणि ज्याला विचारलं त्याच्या घड्याळात हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक आहे, माणसाने लक्ष घालावं, मी थांबते.

हे वाचून मला त्या यंत्राविषयी एकदम आदर वाटला, बरं का.

ही यंत्रणा डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने रचली. डेलावेअर विद्यापीठात ते शिकवत. त्यांची दृष्टी जन्मापासून अधू होती; जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. १९८५ साली त्यांनी नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचे नियम पहिल्यांदा प्रसिद्ध केले. त्याला एनटीपी म्हणतात. जगातले बहुतेक कॉम्प्युटर आज त्या नियमांनी किंवा त्यांच्या सोप्या रूपाने घड्याळ लावतात. वरच्या पायरीवर अणुघड्याळं, त्यांना थेट जोडलेले सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्यांना विचारणारे दुसऱ्या, अशी उतरंड. आपल्याकडे वरची पायरी म्हणजे नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. भारतीय प्रमाणवेळ ती राखते, सिझियमच्या घड्याळांवर. एका सेकंदात सिझियमची ९,१९२,६३१,७७० आंदोलनं, ही १९६७ पासूनची सेकंदाची व्याख्या.

वेळ विचारायची कशी? समजा पलूसहून दिल्लीला जासूद पाठवला, 'किती वाजले?' तो उत्तर घेऊन येईपर्यंत उत्तर शिळं झालेलं. म्हणून मी निघतानाची माझी वेळ लिहितो, दिल्लीवाला चिठ्ठी मिळाल्याची आणि परत धाडल्याची त्याची वेळ लिहितो, आणि पोचल्यावर मी पुन्हा माझी लिहितो. चार नोंदी झाल्या. त्यावरून वाटेत किती वेळ गेला ते काढायचं आणि निम्मा जाताना, निम्मा येताना असं धरायचं. हे 'निम्मं-निम्मं' मात्र गृहीत आहे. जासूद जाताना घोड्यावर आणि येताना पायी आला असेल, तर नुसत्या या नोंदींवरून ते कधीच कळणार नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने दूरच्या दोन घड्याळांचा प्रश्न असाच सोडवला, प्रकाशाचा जासूद करून. आणि जाण्यायेण्याचा वेळ सारखा मानणं ही आपण केलेली व्याख्या आहे, हे त्यानेही उघड सांगितलं. भारताला एक वेळ लागू व्हायच्या जेमतेम काही महिने आधीची ही गोष्ट.

आमच्या वैशेषिकांनी काळाला नऊ द्रव्यांत बसवलं. काळ दिसत नाही, मग तो आहे कशावरून? त्यांनी ज्या खुणा सांगितल्या त्यांत एक यौगपद्य. दोन गोष्टी 'एकाच वेळी' घडल्या असं आपल्याला कळतं, त्यावरून काळाचं अनुमान. पण कुंडल रोडला आणि मद्रासला एकाच वेळी काय घडलं, हे कळायला तार लागते. आणि तार आली की ती कुणाच्या हातात आहे हा प्रश्न आलाच.

आता त्या सुरू न होणाऱ्या सेवेकडे वळू. तिचं वागणं तीन तऱ्हेचं असतं. फरक अगदी थोडा, एका सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत असेल, तर ती घड्याळाला धक्का देत नाही. त्याची चाल किंचित वाढवते किंवा कमी करते, कुणाला पत्ताही लागत नाही. फरक त्याहून मोठा असेल तर काटा एका उडीत सरकवते. आणि फरक हजार सेकंदांच्या, म्हणजे सोळा मिनिटं चाळीस सेकंदांच्या पलीकडे असेल, तर ती हात वर करते. मिल्स यांची दृष्टी अशी: इतका फरक पडतो तेव्हा कुठेतरी काहीतरी मोडलेलं आहे. पण काय मोडलंय, माझं घड्याळ की समोरचं? ते यंत्राला आतून ठरवता येत नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे ओळखीचं काहीतरी दिसेल. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. मीमांसक म्हणाले, ज्ञान स्वतःच प्रमाण, खोटं ठरेपर्यंत खरंच. नैयायिक म्हणाले, नाही, खरेपणा बाहेरून तपासून कळतो. एकटं पडलेलं घड्याळ मीमांसक असतं. नेटवर्कला जोडलं की ते नैयायिक होतं. आणि एका साक्षीदारावर भागत नाही. दोन विचारले आणि ते भिन्न बोलले तर खोटा कोण ते कळत नाही, म्हणून निदान तीन, शक्यतो चार सर्व्हरांना विचारावं असं जाणकार सांगतात.

आता गंमत म्हणून एक हिशोब करू. गंमत म्हणूनच घ्या, पुरावा म्हणून नको. १९०६ साली मद्रासला साडेपाच तासांवर यायला नऊ मिनिटं सरकायचं होतं, ५४० सेकंद. रेल्वेलाही तेवढंच. एनटीपीने ते एका उडीत करून टाकलं असतं. आणि खरोखरच मद्रासने आणि रेल्वेने फार गाजावाजा न करता ते केलं. कलकत्त्याला तेवीस मिनिटं वीस सेकंद मागे यायचं होतं, १४०० सेकंद. सेवा थांबली असती. कलकत्ता थांबलं. मुंबईला ३९ मिनिटं, २३४० सेकंद. मुंबई सगळ्यांत जास्त अडली. फर्ग्युसनसाहेबांची तीस मिनिटं म्हणजे १८००, तीही हद्दीच्या बाहेर.

एनटीपीला घड्याळाची चाल जास्तीत जास्त दहा लाखांत पाचशे इतकी बदलता येते, दिवसाला सुमारे ४३ सेकंद. त्या चालीने मुंबईला ३९ मिनिटं पुढे न्यायला ५४ दिवस लागले असते. दोन महिन्यांच्या आत, रोज पाऊण मिनिटापेक्षा कमी, कुणाच्या झोपेला न कळता. अशी कल्पना कुणाला सुचली असती तर दगडफेक टळली असती का? मला नाही वाटत. चाल हळू ठेवली तरी गिरणीतल्या माणसाला पंचावन्नाव्या दिवशी अंधारातच उठावं लागलं असतं. मेहतांचा प्रश्न वेगाचा नव्हताच. इतकी मोठी उडी आहे तर आम्हाला विचारा, असं ते म्हणत होते. आणि यंत्र हजार सेकंदांपलीकडे थांबतं ते तेवढ्याचसाठी, माणसाला विचारण्यासाठी. सरकारने ते नकार देणं बिघाड मानलं आणि सेवा पुन्हा पुन्हा सुरू करत बसलं, त्या कचेरीतल्या साहेबांसारखं.

सक्तीने काटा सरकवल्याचं आणखी एक उदाहरण आहे, आणि ते तुमच्या अगदी जवळचं आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, युद्धासाठी, सरकारने घड्याळ आणखी एक तास पुढे नेलं होतं. ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. पलूसचा सूर्य तेव्हा घड्याळात दीडच्या सुमारास माथ्यावर यायचा. आणि हीच वर्षं कोणती? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची. कुंडल हे त्याचं एक केंद्र. ७ जून १९४३ ला जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेणोलीला सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी लुटली, तेव्हा रेल्वेचं घड्याळ या युद्धाच्या वेळेवर होतं. म्हणून त्या काळच्या आठवणी, पोलिसांचे कागद, कोर्टातल्या साक्षी वाचताना जिथे 'पाच वाजता' असं येतं, तिथे अभ्यासकाने विचारलं पाहिजे: कोणाचे पाच? सरकारी कागदातले पाच आणि शिवारातल्या माणसाने सूर्य बघून सांगितलेले पाच यांत दीड तासाचं अंतर असू शकतं. कोण आधी कुठे होता हे त्यावर ठरतं, आणि फितुरी कुणी केली हेसुद्धा कधीकधी त्यावरच ठरवलं जातं. मी विद्यार्थ्यांना हे सांगायचो तेव्हा ते हसायचे. आता कॉम्प्युटरवाले हसत नाहीत. चोरी झाली की दहा यंत्रांचे लॉग एकापुढे एक लावून क्रम काढायचा असतो, आणि त्यातल्या एकाचं घड्याळ चुकलेलं असलं की सगळी साखळी उलटी दिसते. म्हणूनच २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेने निर्देश काढले, की कंपन्यांनी, सेवा पुरवणाऱ्यांनी आपल्या यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय स्रोतांशी जुळवून ठेवावीत.

पूर हेही तसंच प्रकरण. ऑगस्ट २०१९ मी तुम्हाला सांगायला नको. ब्रह्मनाळ तुमच्या तालुक्यातलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोयनेचं सोडलेलं पाणी इथे पोचायला काही तास लागतात, पुढे अलमट्टीचा फुगवटा मागे येतो की नाही यावर दोन राज्यांत वाद. हा सगळा वाद शेवटी 'किती वाजता किती' या तक्त्यावर येतो. पाण्याची उंची बरोबर लिहिली आणि वेळ दोन तास चुकली, तर ती नोंद कोऱ्या कागदापेक्षा वाईट, कारण ती भलत्याला दोषी धरते. माझ्या मते वेळेची सेवा सुरू न होणं यामुळेच किरकोळ नाही. आणि ती चुकीची वेळ मुकाट्याने स्वीकारून सुरू होणं त्याहून वाईट.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने प्रमाणवेळेविषयीच्या नियमांचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी जाहीर केला. व्यापार, कायदा, कारभार सगळीकडे एकच भारतीय प्रमाणवेळ वापरणं त्यात सक्तीचं म्हटलं आहे. मी त्याच्या बाजूचा आहे. पण १९०६ आणि २०२५ यांत मला महत्त्वाचा वाटतो तो फरक 'हरकती आणि सूचना' या दोन शब्दांचा. फिरोजशहांना ते दोन शब्द मिळाले नव्हते.

असो. चिठ्ठ्या आल्यात, त्यातली एक वाचतो. 'सर, त्या कचेरीतल्या कॉम्प्युटरचं पुढे काय झालं? आमच्याकडेही असंच होतंय.'

त्याच्या आतली छोटी बॅटरी, ते रुपयाएवढं नाणं असतं ना, ते संपलं होतं. वीज नसताना घड्याळ तीच चालवते. ती मेली की चालू केल्यावर कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जागा होतो. मग समोरच्याचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं, तो ते नाकारतो. काही ठिकाणी तर सर्व्हरचं नाव शोधून देणाऱ्या यंत्रणेची सहीसुद्धा त्याला पटत नाही. वेळ कळायला नेटवर्क हवं आणि नेटवर्कवर विश्वास बसायला वेळ बरोबर हवी. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, आणि तो आतून सुटत नाही, बाहेरून कुणीतरी हात घालावा लागतो. त्या मुलाने मनगटातल्या घड्याळात बघून तारीख-वेळ हाताने घातली. तरी सेवा पडलीच! मग कळलं की आधीच्या कुणीतरी वेळ जुळवणारं दुसरंही एक सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. दोघांना एकच पोर्ट हवा होता, क्रमांक १२३. एका यंत्रावर दोन वेळपाळ चालत नाहीत. एक काढून टाकलं तेव्हा दुसरं सुरू झालं.

तर तुम्ही या क्रमाने बघा. आधी लॉग वाचा, मग बॅटरी बदला, वेळ हाताने लावा, दुसरं काही त्याच कामावर बसलंय का ते तपासा, आणि बाहेर जायचा १२३ नंबरचा रस्ता फायरवॉलने अडवलाय का हे नेटवर्क बघणाऱ्याला विचारा. सेकंद न् सेकंद जुळवायच्या फंदात पडू नका. पंधरा मिनिटांच्या आत आणून सोडलंत की उरलेलं ती स्वतः करते.